पाळकीय सेवेचे पाचारण पारखणारे शिबिर : पंच कमिटीच्या एका सदस्येचे परीक्षण

दिवाळीच्या सुट्टीत पाचगणी येथे भरलेल्या चार दिवसांच्या एका निवासी शिबिराला आमच्या मंडळीतील दोन तरुण आणि एका तरुणीबरोबर जाण्याची जबाबदारी आमच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीने माझ्यावर सोपवली होती. देवाचे पाचारण, म्हणजे सेवेसाठी येणारी त्याची हाक, कसे ओळखावे आणि पाळकीय सेवा प्रत्यक्षात कशी असते, या दोनच प्रश्नांना वाहिलेले हे शिबिर निरनिराळ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांतील काही पाळक आणि अनुभवी विश्वासणारे मिळून चालवतात. पुढे मला काही गोष्टींवर स्पष्ट टीका करावयाची आहे, म्हणून आयोजकांचे नाव येथे देत नाही. आपल्या मंडळीतील तरुणांना अशा शिबिराला पाठवावे की नाही आणि पाठवायचे तर काय पाहून पाठवावे, हा प्रश्न पंचांपुढे व आईवडिलांपुढे नेहमी उभा राहतो. हे परीक्षण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. माझे मत आधीच सांगते. शिबिर पाठवण्याजोगे आहे, त्यातील एक दिवस तर अमोल आहे. मात्र शेवटच्या रात्रीचा कार्यक्रम बदलला नाही, तर पुढच्या वर्षी मी ते निःशंकपणे सुचवू शकणार नाही.

अशा शिबिराची गरज का आहे, हे आपल्या मंडळ्यांची रीत पाहिली की कळते. एखादा मुलगा तरुण संघाच्या सभेत उभा राहून साक्ष देतो, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे असे सांगतो, सगळे आमेन म्हणतात आणि पुढच्या बैठकीत त्याच्या शिफारसपत्रावर सह्या होतात. त्याला कोणी काही विचारत नाही, कारण देवाचे नाव घेतल्यावर विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे आपल्याला वाटते. याच्या उलटही घडते. मुलाला नोकरी लागत नाही, शिक्षण अर्धवट राहते, आणि मग घरचेच कोणी सुचवते की त्याला सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, घालावे. दोन्ही वाटांनी गेलेल्यांत चांगले पाळक निघालेले मी पाहिले आहेत आणि दोन्ही वाटांनी गेलेल्यांत मोडून पडलेलेही पाहिले आहेत. सेरामपूरच्या सिनेटची बी.डी., ही पाळकांसाठीची ईश्वरविज्ञानाची पदवी, म्हणजे आयुष्यातील चार-पाच वर्षे. 1818 साली कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी उभारलेल्या आणि 1827 साली डेन्मार्कच्या राजाची सनद मिळालेल्या सेरामपूर महाविद्यालयाच्या परंपरेतील हा अभ्यासक्रम आज देशभरातील सेमिनऱ्यांत शिकवला जातो. आपल्या मुलांपैकी अनेकांना तो यवतमाळहून 1983 साली पुण्यात आलेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीमुळे घराजवळ वाटतो. घराजवळ असला तरी तो सोपा नाही. त्यानंतर उमेदवारीचा काळ, मग पाळकपदाची दीक्षा, आणि पुढे उभे आयुष्य. एवढ्या मोठ्या निर्णयाआधी चार दिवस थांबून विचार करण्याची सोय कोणी करत असेल, तर तिची दखल घेतलीच पाहिजे.

शिबिराचा चांगुलपणा प्रवेशअर्जापासूनच जाणवला. अर्जाबरोबर तीन शिफारसपत्रे मागितली होती. एक आपल्या पाळकांचे, दुसरे मंडळीतील नात्यात नसलेल्या व्यक्तीचे आणि तिसरे मंडळीबाहेरच्या माणसाचे, म्हणजे शिक्षक, शेजारी किंवा जिथे काम करतो तेथील वरिष्ठ यांचे. तिसऱ्या पत्राच्या अटीवरून आमच्याकडे थोडी कुरकुर झाली. ख्रिस्ती नसलेला माणूस पाचारणाविषयी काय सांगणार, असे काहींचे म्हणणे पडले. परंतु तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अध्यक्षाच्या अंगी असावयाचे जे गुण पौल सांगतो, त्यांत बाहेरच्या लोकांतही त्याचे नाव चांगले असावे, ही अट स्पष्ट आहे. आमच्यातील एका तरुणाचे तिसरे पत्र त्याच्या वर्कशॉपच्या मालकाने लिहिले. मुलगा कामाला वेळेवर येतो, पैशाच्या बाबतीत चोख आहे, पण चूक दाखवली की दोन दिवस बोलत नाही, असे त्यात सरळ लिहिले होते. आमच्या पंच कमिटीला त्याच्याविषयी जे वर्षानुवर्षे माहीत असूनही कोणी बोलले नव्हते, ते त्या मालकाने दोन ओळींत लिहून टाकले. शिबिरातील मार्गदर्शकाने पहिल्याच भेटीत हे पत्र त्याच्यापुढे ठेवले आणि त्याच्याशी तासभर चर्चा केली, हे मला फार महत्त्वाचे वाटले.

पहिल्या दिवसाचा पाठ शमुवेलाच्या पाचारणावर होता. हा उतारा आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो आहोत, त्यामुळे मी फारशा अपेक्षेने बसले नव्हते. परंतु शिकवणाऱ्या वयोवृद्ध पाळकांनी सगळे लक्ष त्याला वाढवणाऱ्या वृद्ध याजक एलीकडे वळवले. हाक शमुवेलाला ऐकू येते, पण ती कोणाची हे त्याला कळत नाही. तो तीनदा उठून एलीकडे धावत जातो. ही हाक परमेश्वराची आहे हे कळते एलीला, ज्याची दृष्टी मंद झाली आहे आणि ज्याचे स्वतःचे पुत्र हाताबाहेर गेले आहेत. मुलाला काय उत्तर द्यावे हेही तोच शिकवतो. पुढे आणखी अवघड भाग येतो. शमुवेलाला मिळालेला पहिलाच संदेश एलीच्या घराण्याच्या न्यायाचा आहे, आणि तो सांगायला मुलगा भितो, तेव्हा एलीच त्याला काहीही न लपवता सांगण्यास भाग पाडतो. या पाठातून त्या पाळकांनी दोन गोष्टी काढल्या. ज्याला हाक येते त्याला ती ओळखण्यासाठी दुसऱ्या माणसाची गरज लागते. आणि ओळखून देणारा माणूस निर्दोष असलाच पाहिजे असे नाही, पण आपल्याविरुद्धचा शब्द ऐकून घेण्याइतका प्रामाणिक तो असला पाहिजे. समोर तरुण बसले होते, तरी हे बोलणे आम्हा सोबत आलेल्यांसाठी अधिक होते, असे मला वाटले. आपल्या मंडळीत एलीचे काम कोण करतो, हा प्रश्न मी तेथून घेऊन आले.

त्याच पाठात मोशे, यिर्मया आणि आमोस यांची उदाहरणे झाली. मोशे जळत्या झुडपापुढे एकामागून एक सबबी सांगतो आणि शेवटी दुसऱ्या कोणाला तरी पाठव म्हणतो; यिर्मया आपण लहान आहोत असे म्हणतो; आमोस आपण गुरेराखा आणि उंबराच्या फळांची निगा राखणारा आहोत, संदेष्ट्याचा पुत्र नाही, असे याजक अमस्याला ठणकावतो. यांपैकी एकानेही सेवेची मागणी केलेली नाही. अंत्युखियाच्या मंडळीत तर बर्णबा आणि शौल यांच्याविषयीचा पवित्र आत्म्याचा शब्द उपासना आणि उपास करत असलेल्या मंडळीला मिळतो, आणि मंडळी त्यांच्यावर हात ठेवून त्यांना रवाना करते. येथे एका तरुणाने चांगला प्रश्न विचारला. पौलाला तर दिमिष्काच्या वाटेवर प्रभूने स्वतः गाठले होते, मग मंडळीची काय गरज होती? उत्तर असे मिळाले की त्या वाटेवरच्या दर्शनानंतरही प्रभूने पौलाला शहरात जाऊन थांबायला सांगितले, हनन्या नावाच्या शिष्याला त्याच्याकडे पाठवले, आणि अंत्युखियातून रवानगी होईपर्यंत मध्ये कित्येक वर्षे गेली. इतका मोठा प्रेषित जर थांबू शकतो, तर आपल्या मुलांनी बारावीनंतर वर्षभर थांबावे, असे मी मनात म्हटले.

दुपारी मंडळीच्या इतिहासावरचे व्याख्यान झाले. ते थोडे घाईत उरकले, पण त्यातील दोन प्रसंग तरुणांच्या लक्षात राहिले, आणि ते राहण्यासारखेच होते. 374 साली मिलान शहरात नव्या बिशपाच्या निवडीवरून वाद पेटला असता तेथे शांतता राखण्यासाठी आलेले राज्यपाल अँब्रोज यांनाच लोकांनी बिशप म्हणून पुकारले. त्यांचा तोवर बाप्तिस्माही झाला नव्हता. 391 साली उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथे उपासनेला आलेल्या ऑगस्टीन यांना लोकांनी धरून बिशपापुढे नेले आणि त्यांची इच्छा नसताना, डोळ्यांत पाणी असताना त्यांना दीक्षा दिली गेली. आज अशी सक्ती कोणी करू नये, हे व्याख्यात्यांनीही सांगितले. परंतु या दोघांच्या बाबतीत मंडळीची हाक आधी आली आणि त्यांच्या अंतःकरणाने ती नंतर मान्य केली, हा क्रम आपल्याकडे जवळजवळ विसरला गेला आहे. सोळाव्या शतकात धर्मसुधारक जाँ कॅल्विन यांनी सेवकाच्या पाचारणाचे दोन भाग सांगितले. एक अंतःकरणातील गुप्त पाचारण, ज्याला देवच साक्षी असतो. दुसरे मंडळीच्या सार्वजनिक व्यवस्थेतून येणारे बाह्य पाचारण. या मांडणीवर शिबिराची संपूर्ण आखणी उभी आहे, आणि माझ्या मते हेच त्याचे खरे बळ आहे. "माझ्या मनात आले" एवढ्यावर कोणी पाळक होत नाही, आणि "कमिटीने सही केली" एवढ्यावरही होत नाही.

आता ज्या दिवसाला मी अमोल म्हटले, त्याविषयी. दुसऱ्या दिवशी शिबिरार्थींना दोघा-दोघांच्या जोड्यांत वाटून परिसरातील व वाईकडच्या गावांतील पाळकांबरोबर दिवसभरासाठी पाठवले गेले. भाषण करायचे नाही, विचारल्याशिवाय प्रार्थना पुढाकाराने करायची नाही, फक्त बरोबर राहायचे आणि पाहायचे, अशी सूचना होती. आमच्या मंडळीतील एका तरुणाच्या जोडीबरोबर मीही गेले. ज्यांच्याबरोबर गेलो ते पाळक पन्नाशीचे, कमी बोलणारे होते. त्यांची जुनी मोटरसायकल पुढे आणि आमची रिक्षा मागे, असे आम्ही एका खोलीच्या घरी पोहोचलो. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्ध बाई तेथे त्यांच्या सुनेबरोबर राहतात. पाळकांनी चपला बाहेर काढल्या, खाटेच्या पायथ्याशी न बसता स्टूल ओढून बाईंच्या चेहऱ्याजवळ बसले आणि आधी त्यांच्या सुनेला विचारले, "रात्री तुम्हाला झोप लागते का?" त्या प्रश्नाने ती सून रडू लागली. तोवर कोणी तिला तिच्याविषयी विचारलेच नसावे. पाळक काही बोलले नाहीत, तिला रडू दिले. मग त्यांनी बाईंचा उजवा हात हातात घेऊन तेविसावे स्तोत्र म्हटले. बाईंना बोलता येत नव्हते, पण त्यांचे ओठ हलत होते, म्हणून ते प्रत्येक ओळीनंतर थांबत होते. प्रार्थना दोन मिनिटांची. उठताना त्यांची नजर फळीवरच्या औषधांकडे गेली. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटात दोनच गोळ्या उरल्या होत्या. त्यांनी आमच्या तरुणाला ते रिकामे होत आलेले पाकीट दाखवून मेडिकलवर पाठवले. मला बाहेर आल्यावर कळले की त्याने वाटेत मोठा संदेश मनात तयार करून ठेवला होता.

परतताना त्या पाळकांनी त्याला एवढेच विचारले, "घरात किती माणसे होती?" तो म्हणाला, दोन. पाळक म्हणाले, "तिसरे माणूस दिसले नाही का? दारामागे नातू उभा होता. त्याचे शाळेत जाणे बंद झाले आहे. पुढच्या वेळी मला त्याच्यासाठी जायचे आहे." आम्हा दोघांनाही तो मुलगा दिसला नव्हता. चौतिसाव्या अध्यायात यहेज्केल ज्या मेंढपाळांचा निषेध करतो, त्यांचा दोष असा की त्यांनी दुर्बळाला बळ दिले नाही, जखमीला पट्टी बांधली नाही, हरवलेल्याचा शोध केला नाही. मी हा अध्याय अनेकदा वाचला आहे. त्या दुपारी मात्र त्यातील एकेक क्रियापद एका खोलीच्या घरात घडताना मी पाहिले. सतराव्या शतकात इंग्लंडमधील किडरमिन्स्टर येथे पाळक रिचर्ड बॅक्स्टर आठवड्याचे दोन दिवस केवळ कुटुंबांना एकेक करून भेटण्यासाठी व शिकवण्यासाठी राखून ठेवत असत, असे संध्याकाळच्या चर्चेत सांगण्यात आले. त्यावर एक शिबिरार्थी म्हणाला की आमच्या पाळकांचे दोन दिवस तर जागेच्या खटल्यासाठी कोर्टात जातात. कोणी हसले नाही, कारण ते खरे होते, आणि आयोजकांनी तो मुद्दा टाळला नाही. पाळकांना आपल्याकडे जी कामे करावी लागतात, त्यांची यादी त्यांनी तेथेच तरुणांकडून करून घेतली. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखालील विवाहांची नोंद, बाप्तिस्म्याचे व दफनाचे रजिस्टर, दफनभूमीतील जागेवरून होणारे वाद, शाळा-प्रवेशासाठी लागणारे दाखले, निवडणुकांच्या काळातील गटबाजी, आणि या सगळ्यामधून रविवारचा संदेश तयार करण्यासाठी काढलेला वेळ. सेमिनरीत जाण्याआधी एवढे स्पष्ट चित्र मिळणे दुर्मीळ आहे. हा दिवस लांबवून दोन दिवसांचा करावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

तिसऱ्या दिवशी मानधन आणि कुटुंब यांवरचे सत्र होते, आणि येथे शिबिर उणे पडले. एका मंडळीच्या खजिनदारांनी मानधन, प्रवासभत्ता, पाळकगृह, भविष्यनिर्वाह निधी आणि बदल्या यांची माहिती फळ्यावर लिहून दिली. ती उपयुक्त होती, पण प्रश्नोत्तरांना वेळच उरला नाही. मानधन महिनोन्महिने थकते तेव्हा पाळकाने काय करावे, असे एका मुलीने विचारले असता देव पुरवतो, असे उत्तर देऊन पुढे जाण्यात आले. देव पुरवतो यावर माझा विश्वास आहे. पण तो मंडळीच्या हातून पुरवतो आणि मंडळीने हात आखडला तर तो मंडळीचा दोष असतो, हेही त्या मुलीला सांगायला हवे होते. मजूर आपल्या मजुरीस योग्य आहे, हा शब्द खुद्द प्रभूचा आहे.

याहून मोठी उणीव अशी की पाळकाच्या जोडीदाराविषयी जे बोलणे झाले ते सगळे पाळकांनीच केले. एकाही पाळकबाईंना, म्हणजे पाळकाच्या पत्नीला, बोलावलेले नव्हते. ज्या घराचे दार कधीही वाजते, ज्या घरातील मुलांची वागणूक सगळी मंडळी पाहते, ज्या घराला दर काही वर्षांनी सामान बांधावे लागते, त्या घरातील बाईला या सेवेविषयी काय वाटते, हे ऐकल्याशिवाय कोणत्या तरुणाने निर्णय घ्यावा? आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासात याचे इतके मोठे उदाहरण असताना ते कोणाला आठवू नये, याचे मला आश्चर्य वाटले. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधल्या पाच वर्षांत त्या घराने काय सोसले, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. टिळकांना ऐकू आलेली हाक लक्ष्मीबाईंना त्यांच्या वेळी, त्यांच्या रीतीने ऐकू येईपर्यंत वाट पाहावी लागली. आणि ती आली तेव्हा त्या नवऱ्याच्या मागे मुकाट्याने चालणाऱ्या राहिल्या नाहीत, स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या सेविका झाल्या. 1917 साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडून 'देवाचा दरबार' या ख्रिस्तभक्तांच्या बंधुसंघाचे स्वप्न हाती घेतले, तेव्हाही त्या निर्णयाचा भार घरावरच पडला. पाचारण आणि कुटुंब यांवर चर्चा करायला बसलेल्या मराठी तरुणांना याहून चांगला पाठ कोणता मिळाला असता?

स्त्रियांच्या दीक्षेविषयी शिबिराची भूमिका संदिग्ध राहिली. निरनिराळ्या मंडळ्या एकत्र असल्यामुळे आयोजकांची अडचण मी समजू शकते. काही मंडळ्या स्त्रियांना दीक्षा देतात, काही देत नाहीत. पण आमच्याबरोबर आलेल्या मुलीला तिच्या मार्गदर्शकांनी पहिल्या भेटीत संडे स्कूल आणि महिला मंडळ यांविषयीच सुचवावे, हे योग्य झाले नाही. तिची मंडळी स्त्रियांना दीक्षा देते, हे तिच्या अर्जात स्पष्ट लिहिलेले होते. दक्षिण भारतीय मंडळीत 2013 साली ई. पुष्पललिता बिशप झाल्या, हे तिने त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी ते खुलेपणाने ऐकून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी दुसऱ्या मार्गदर्शक नेमण्यात आल्या. आयोजकांची ही तत्परता मी आनंदाने नोंदवते. परंतु ज्या मुलीने स्वतः विषय काढला नसता, तिचे काय झाले असते? जिची मंडळी तिच्या पाठीशी उभी आहे, तिला शिबिरात आपली बाजू मांडत बसावे लागू नये.

आता शेवटच्या रात्रीविषयी. तीन दिवस ज्या शिबिराने तरुणांना थांबायला, पाहायला आणि इतरांचे ऐकायला शिकवले, त्याने शेवटच्या रात्री सगळे एका तासात मोडून टाकले. सभागृहातील दिवे मंद केले गेले, गीताचे एकच कडवे पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले गेले, आणि बाहेरून आलेल्या वक्त्याने पूर्णवेळ सेवेसाठी जीवन देणाऱ्यांनी आत्ता या क्षणी पुढे यावे, असे आवाहन केले. आज उत्तर दिले नाही तर ही हाक कदाचित पुन्हा येणार नाही, असेही तो म्हणाला. रडत रडत बरेच जण पुढे गेले. जे गेले नाहीत ते मान खाली घालून बसून राहिले, आणि त्यांतील एक आमचा तरुण होता, ज्याच्याइतका प्रामाणिकपणे त्या चार दिवसांत कोणी विचार केला नव्हता. त्या रात्री तो मला म्हणाला, "मावशी, मी देवाला नाही म्हटले का?" त्याची समजूत घालायला मला बराच वेळ लागला, आणि वक्त्याच्या त्या वाक्याचा मला अजूनही राग आहे. ज्या देवाने लहान शमुवेलाला चार वेळा हाक मारली, योनाला मत्स्याच्या पोटातून बाहेर काढून दुसऱ्यांदा पाठवले, आणि तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला किनाऱ्यावर तीनदा विचारून मेंढरे पाळायला सांगितली, त्याच्या नावाने असे बोलणे चुकीचे आहे.

मी भावनेच्या विरोधात नाही. डोळ्यांत पाणी न येता कोणी प्रभूला जीवन द्यावे, असे मी म्हणणार नाही. प्रश्न वेळेचा आहे. कॅथलिक परंपरेतील इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात आत्मिक साधना करवून घेणाऱ्यांना एक सूचना देऊन ठेवली आहे: साधक मोठ्या समाधानात आणि उत्साहाच्या भरात असेल, तेव्हा त्याला घाईने कोणतेही वचन वा व्रत घेऊ देऊ नये. मन खचलेले असताना आधीचा निर्णय बदलू नये, हा त्यांचा दुसरा नियमही प्रसिद्ध आहे. आम्ही प्रोटेस्टंट असलो तरी हे शहाणपण घेण्यात काही कमीपणा नाही. त्या रात्री पुढे गेलेल्यांची नावे वहीत लिहून घेतली गेली. त्यांतील किती जण घरी गेल्यावर त्या वचनाने दबून सेमिनरीचा अर्ज भरतील, याची मला चिंता वाटते. मी आयोजकांना पत्र लिहून ही सभा रद्द करावी, किंवा तिच्या जागी प्रभुभोजनाची साधी उपासना ठेवावी, असे कळवले आहे. त्यांचे उत्तर सौजन्याचे आले आणि विचार करू असे त्यात म्हटले आहे.

ही एक रात्र सोडली, तर पाचारण म्हणजे पाळकाचेच पाचारण, असा समज शिबिराने कोठेही पसरवला नाही, याचे मला समाधान आहे. मार्टिन ल्यूथर यांनी 1520 च्या सुमारास जे आग्रहाने मांडले, की सर्व विश्वासणारे याजक आहेत आणि चांभाराचे वा लोहाराचे काम देवाच्या दृष्टीने कमी पवित्र नाही, त्यावर एक संपूर्ण सकाळ दिली होती. आमच्यातील वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या तरुणाने सध्या सेमिनरीचा विचार बाजूला ठेवला आहे. तो आता आमच्या पाळकांबरोबर दर शनिवारी दोन घरांना भेट देतो, आणि त्याच्या मालकाच्या पत्रातील त्या ओळीवर तो काम करत असल्याचे मला दिसते. पुढे काय होईल हे देव जाणे, पण त्याच्या भेटींची वाट पाहणारी माणसे आमच्या मंडळीत आताच आहेत. मुलीने मात्र पदवी पूर्ण झाल्यावर बी.डी.साठी अर्ज करण्याचे ठरवले आहे, आणि पंच कमिटीने तिला तीन प्रश्न विचारून, तिची उत्तरे ऐकून, मग पाठिंबा दिला. असे प्रश्न विचारण्याचा पायंडा आमच्याकडे पहिल्यांदाच पडला.

राहण्याची व्यवस्था साधी आणि स्वच्छ आहे. पहाटे थंडी कडक असते, त्यामुळे स्वेटर आणि शाल लागतेच. गरम पाणी सकाळी ठरावीक वेळेतच मिळते. जेवण घरगुती, पिठले-भाकरी, आमटी-भात असे, आणि भरपूर. माणशी 1,800 रुपये शुल्क आहे, त्यात प्रवास धरलेला नाही. ज्याला शक्य नाही त्याचे शुल्क कोणाला न कळता कमी केले जाते, हे मी स्वतः पाहिले. शिबिरानंतर वर्षभर प्रत्येक शिबिरार्थीला एक मार्गदर्शक नेमून दिला जातो आणि महिन्यातून एकदा फोन किंवा भेट होते. आतापर्यंत आमच्या तिघांच्या बाबतीत हे नियमाने झाले आहे, आणि शुल्काचे मोल खरे तर यातच वसूल होते.

पाठवण्याचे ठरवलेल्या मंडळ्यांनी तरुणांबरोबर एखाद्या पंचाला किंवा अनुभवी बहिणीला पाठवावे, आणि त्या व्यक्तीने शेवटच्या रात्री मुलांच्या शेजारी बसावे. ज्याचा विवाह ठरला आहे त्याने होणाऱ्या जोडीदारालाही बरोबर नेता येईल का, हे आधी विचारून घ्यावे. आयोजक नाही म्हणत नाहीत. मंडळीबाहेरच्या व्यक्तीचे शिफारसपत्र मिळवायला वेळ लागतो आणि ते घाईत लिहून घेतले तर त्याचा उपयोग राहत नाही, म्हणून दिवाळीच्या शिबिरासाठी गणपतीच्या सुमारासच अर्ज हाती घ्यावा.